डॉ. सलीम अली : पक्ष्यांच्या पायातली कडी आणि माकडताप



आपल्या या पत्रकात आपण बहुतेक वेळा संतांची चरित्रे वाचतो. या रविवारी ज्यांची ओळख आम्ही करून देत आहोत ते संत नव्हते आणि ख्रिस्तीही नव्हते. मुंबईच्या एका सुलेमानी बोहरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि रूढ धर्माचारात त्यांचे मन फारसे कधी रमले नाही. पण त्यांच्या आयुष्याला वळण देणाऱ्या माणसांमध्ये एक येशूसंघीय धर्मगुरू होते. आपल्या सोलापूरशीही त्यांचे नाव जोडलेले आहे, ते नान्नजच्या माळामुळे. थोर पक्षितज्ज्ञ म्हणून डॉ. सलीम अली यांचे नाव मुलांनासुद्धा शाळेच्या पुस्तकातून माहीत असते. मात्र साठी उलटल्यावर हा माणूस एका नव्या, जीवघेण्या रोगाच्या तपासात उतरला होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. निपाह, बर्ड फ्लू, कोरोना ही नावे नवी पेठेतल्या दुकानांच्या कट्ट्यावरही ऐकू येऊ लागली तेव्हापासून ती गोष्ट आपल्या वाचकांना सांगावी असे आमच्या मनात होते.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांतले ते शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भाचरांना आपल्या घरी वाढवले. घरात माणसांचा राबता मोठा होता. त्या काळच्या सुखवस्तू घरांतल्या मुलांप्रमाणे सलीमलाही छऱ्याच्या बंदुकीचा नाद होता. मामांनीच ती बंदूक हातात दिली होती.

दहा-बारा वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तर तिच्या गळ्यावर हळदीचे बोट लावावे तसा पिवळा ठिपका. ही नेहमीची चिमणी नाही, मग मुसलमानाने ती खावी की खाऊ नये, असा पेच त्याला पडला. तो मामांकडे गेला. मामांनाही सांगता येईना. ते स्वतः शिकारीचे शौकीन होते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी पोराला चिमणीसकट सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेब यांच्याकडे धाडले.

गोऱ्या साहेबाकडे एकट्याने जायचे म्हणजे १९०८ सालच्या मुंबईत लहान मुलाला धडकीच भरायची. पण मिलार्ड भला माणूस निघाला. ही रानचिमणी, पिवळ्या गळ्याची, असे त्याने ओळखून सांगितले. मग कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली. मुलाने विचारलेला प्रश्न त्याला क्षुल्लक वाटला नाही, एवढीच ही गोष्ट. पण तिथून सलीमचे सारे आयुष्य एका वाटेला लागले.

शाळेत मात्र हुशारीचे दिवे काही लागले नाहीत. आधी गिरगावात मिशनच्या मुलींच्या शाळेत बहिणींबरोबर, मग सेंट झेवियर्समध्ये असे शिक्षण झाले. मध्येच डोकेदुखीचा आजार जडला म्हणून हवापालटासाठी सिंधमध्ये धाडले गेले. १९१३ साली मॅट्रिक कसेबसे पदरात पडले. कॉलेज अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशात तावोय इथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात मदतीला गेले. तिथल्या रानात पक्षी भरपूर होते, त्यामुळे धंद्याचे काय झाले असेल ते वाचकांनी ओळखावे.

१९१७ साली मुंबईला परतल्यावर दावर कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकायला त्यांनी नाव घातले. इथे फादर एथेलबर्ट ब्लॅटर भेटले. फादर ब्लॅटर मूळचे स्वित्झर्लंडचे, सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. त्यांच्या नावाचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह त्या कॉलेजात आजही आहे. या तरुणाचा जीव जमाखर्चाच्या वह्यांत नाही, पाखरांत आहे, हे त्यांनी ओळखले आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. मग सकाळी दावरमध्ये हिशेब आणि त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास सलीमने पुरा केला. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचे लग्न झाले. इंग्लंडमध्ये वाढलेल्या या बाईंनी पुढे रानावनात तंबूतला संसार केला आणि एका शब्दाने कुरकूर केली नाही, असे त्यांचे चरित्र वाचणाऱ्याला वाटल्याशिवाय राहत नाही.

नोकरीचे मात्र कठीण होते. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगणारे व्याख्याते म्हणून महिना साडेतीनशे रुपयांवर नेमणूक झाली. दोन वर्षांत त्याचा कंटाळा आला आणि रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावर पक्षी धरून, पायात क्रमांकाचे कडे घालून सोडून देण्याचे केंद्र होते, तेही त्यांनी पाहिले आणि तिथे काम केले. पक्षी कुठून येतो आणि कुठे जातो हे अंदाजाने सांगण्याचे दिवस संपले, हे तिथे त्यांच्या ध्यानात आले. कड्यावरचा आकडा वाचला की उत्तर मिळते.

१९३० साली परत आले तर म्युझियमची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. दुसरा कोणी हवालदिल झाला असता. हे जोडपे अलिबागजवळ किहीमच्या समुद्रकाठी राहायला गेले आणि सलीम अली तिथे सुगरण पक्ष्यांची घरटी बघत बसले. नर सुगरण एकामागून एक घरटी विणतो. मादी येऊन पाहते, पसंत पडले तर राहते. मग नर पुढचे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हे त्यांनी महिनोन्‌महिने निरखून लिहिले आणि पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले. बेकारीचा एवढा चांगला उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

पुढची वर्षे संस्थानांच्या पक्षिगणनेत गेली. पगार नाही, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मिळावा, एवढ्या अटीवर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतल्या पक्ष्यांच्या नोंदी केल्या. आपल्या शेजारचे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, आणि गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बांद्र्याच्या पाली हिलवर बहीण आणि मेहुणे यांच्या घरी ते राहू लागले आणि कामात बुडाले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. नेहरूंनी तुरुंगातून आपल्या मुलीला ते पाठवले होते. पुढे हीच ओळख पक्ष्यांच्या आणि सोसायटीच्या कामी आली. स्वातंत्र्यानंतर पैशाअभावी सोसायटी बंद पडायची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी नेहरूंना लिहिले आणि मदत मिळवली.

आता मूळ विषयाकडे येऊ.

१९५७ च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरू लागली. लालतोंडी माकडेही मरत आणि काळ्या तोंडाचे वानरही. मागोमाग जंगलात लाकूडफाट्याला जाणाऱ्या माणसांना ताप येऊ लागला. एकदम चढणारा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग ठेचून काढल्यासारखे स्नायू दुखणे. काहींच्या नाकातून आणि हिरड्यांतून रक्त येई. त्यातले काही दगावत. पुण्यात १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झाले होते, तेच आजचे राष्ट्रीय विषाणू संस्थान. तिथले डॉक्टर टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी धावत गेले. धावण्याचे कारण असे की, माकडे मरतात आणि माणसांना रक्तस्रावाचा ताप येतो, हे लक्षण आफ्रिकेतल्या पीतज्वराचे. पीतज्वर भारतात कधीच आलेला नव्हता. तो आला असता तर देशभर डास होतेच आणि लोकांच्या अंगात प्रतिकारशक्ती मुळीच नव्हती. काय अनर्थ झाला असता याची कल्पनाच केलेली बरी.

मेलेल्या माकडांतून विषाणू वेगळा काढला तेव्हा तो पीतज्वराचा निघाला नाही. तो एक नवाच विषाणू होता आणि गोचिडींच्या चाव्यातून पसरत होता. जंगलाच्या नावावरून रोगाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव पडले. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात त्याला सरळ माकडताप म्हणतात. तपास करणाऱ्यांतल्याही अनेकांना प्रयोगशाळेत काम करता करता हा रोग झाला, हे इथे सांगितले पाहिजे. आज आपण मास्क आणि हातमोजे याविषयी सहज बोलतो. त्या माणसांनी फार कमी साधनांनिशी ते काम केले.

आता कोडे असे होते की या विषाणूचा जवळचा नातेवाईक सैबेरियाच्या जंगलांत सापडत होता. तिथेही गोचिडींमुळे मेंदूज्वर होई. मग सैबेरियाचा विषाणू म्हैसूरच्या रानात आला कसा? शास्त्रज्ञांची नजर वर आकाशाकडे गेली. दर हिवाळ्यात लाखो पक्षी उत्तरेकडून हिमालय ओलांडून भारतात येतात. त्यांच्या पिसांत चिकटून एखादी गोचीड आली असेल तर? शंका योग्य होती. पण तिचा निवाडा करायला लागणारी माहिती कोणाजवळच नव्हती. कोणता पक्षी नेमका कुठून येतो, कुठे उतरतो, त्याच्या अंगावर कोणत्या गोचिडी असतात, यातले काहीच धड माहीत नव्हते. त्याआधी १९२० च्या दशकात धारच्या महाराजांच्या मदतीने सोसायटीने काही बदकांना कडी घातली होती, तेवढीच काय ती सुरुवात.

जागतिक आरोग्य संघटनेने सोसायटीला पैसे द्यायचे ठरवले आणि १९५९ च्या सुमारास कामाला आरंभ झाला. सलीम अली तेव्हा त्रेसष्टीचे होते. सरकारी नोकर या वयात घरी बसून पेन्शन मोजतो. ते कच्छच्या रणात, राजस्थानात भरतपूरच्या पाणथळीत, पुढे तमिळनाडूच्या पॉइंट कॅलिमेरला छावण्या लावू लागले. पक्षी धरण्यासाठी धुक्यासारखी विरळ, डोळ्यांना न दिसणारी जाळी होती. बिहारमधले मीरशिकारही बोलावले होते. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणारे हे लोक. बांबूच्या काड्या आणि फासे यांनी ते असे पक्षी धरत की पिसालाही धक्का लागू नये. त्यांची कला हा त्यांच्या पोटापाण्याचा धंदा होता. सलीम अलींनी तिला शास्त्राच्या कामाला लावले. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांकडून शिकण्याचे हे उदाहरण आम्हाला फार आवडते.

काम कसे चाले ते थोडे सांगतो. पहाटे जाळ्यांतून पक्षी सोडवायचे. कापडी पिशव्यांत एकेक ठेवायचा. मग जात ओळखायची, पंख मोजायचा, वजन घ्यायचे. पिसे फुंकून कानाजवळ, डोळ्यांभोवती चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने वेचून बाटलीत टाकायच्या. रक्ताचा थेंब घ्यायचा. पायात हलके कडे घालायचे. त्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले असत. वहीत नोंद करून पक्षी सोडून द्यायचा. असे एक नाही, दहा नाही, हजारो पक्षी, हिवाळ्यामागून हिवाळे. पुढे सोव्हिएत रशियातून पत्रे येऊ लागली की अमुक क्रमांकाचे कडे असलेले बदक आमच्याकडे सापडले. पक्ष्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटा नकाशावर उमटू लागल्या त्या अशा.

आणि माकडताप? उत्तरेच्या पक्ष्यांनी तो आणला याचा पुरावा हाती लागला नाही. उलट क्यासनूरच्या रानातच खोलवर पाहता पाहता उत्तर मिळत गेले. विषाणू त्याच रानातला होता. उंदीर, चिचुंदऱ्या अशा लहान जीवांत आणि गोचिडींत तो मुरलेला होता. किडे खाणाऱ्या वटवाघळांतही तो पुण्याच्या शास्त्रज्ञांना सापडला. मग इतकी वर्षे गप्प असलेला विषाणू १९५७ सालीच का उसळला? कोलंबियाहून आलेले डॉ. बोशेल यांनी यावर विचार मांडला तो आम्हाला पटतो. जंगल तोडून शेती वाढली, गावे आत सरकली, गुरे रानात चरू लागली. मोठ्या गोचिडींना गुरांचे रक्त मुबलक मिळाले आणि त्यांची संख्या भरमसाट झाली. गुरांना तो रोग होत नाही, पण ती गोचिडी पोसतात. पाहुण्यांवर आळ आला होता, आणि घरातली घडीच विसकटलेली निघाली.

हे सारे सुरळीत पार पडले असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा पुढे आटला आणि अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधन शाखेकडून मदत घेतली गेली. पूर्व आशियातल्या अनेक देशांत त्या शाखेचे असेच काम चालू होते. १९७४ च्या सुमारास वर्तमानपत्रांत बोभाटा झाला की पक्ष्यांच्या वाटा शोधण्यामागे रोग पसरवणारी शस्त्रे बनवण्याचा डाव आहे. संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी पैशावर चाललेल्या अशा अनेक प्रकल्पांची झाडाझडती घेतली, त्यांत सोसायटीचाही प्रकल्प होता. सलीम अलींना हे फार लागले. आपले सगळे निष्कर्ष उघड छापलेले आहेत, लपवण्याजोगे काही नाही, अशी त्यांची बाजू होती आणि ती खरीही होती. तरी आम्हाला वाटते, खासदारांनी प्रश्न विचारला यात त्यांचे चुकले नाही. परक्या लष्कराला आपल्या बदकांविषयी एवढे कुतूहल का, हे लोकांच्या प्रतिनिधींनी विचारायचे नाही तर कोणी? सज्जन माणसाच्या हातूनही पैसा कुठून आला याचा विचार कधी कधी कमी पडतो.

सलीम अलींचा स्वभाव तापट होता, वेळेच्या बाबतीत तर फारच कडक. मोटारसायकलींचे वेड म्हातारपणापर्यंत होते. १९५० साली स्वीडनला पक्षितज्ज्ञांच्या परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल बोटीवर चढवली होती आणि युरोपातले रस्ते तिच्यावरून पालथे घातले होते. डॉ. डिलन रिप्ले यांच्याबरोबर भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांवर त्यांनी दहा खंड लिहिले. ते १९६८ ते १९७४ या वर्षांत निघाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेतला मोठ्या रकमेचा गेटी पुरस्कार मिळाला, ते पैसे त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिले. स्वतःजवळ काही ठेवायचे त्यांना कधी जमलेच नाही.

माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. माणसाएवढ्या दमाने माळावरून चालणारा हा पक्षी सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या गवताळ रानात तेव्हा दिसत असे. १९६३ साली मान मोराला मिळाला. नान्नजला १९७९ साली अभयारण्य झाले, पण आता तिथे माळढोक क्वचितच दृष्टीस पडतो. राष्ट्रीय पक्षी झाला असता तर वाचला असता का, कोण जाणे. पण मोराची काळजी तशीही सगळेच घेतात.

एका प्रसंगाचा उल्लेख टाळून हे चरित्र पुरे होणार नाही. ज्या भरतपूरला कडी घालण्याचे काम चाले, ते सलीम अलींच्या प्रयत्नांनी राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ साली तिथे म्हशी चारायला बंदी आली. त्यांचाही या बंदीला पाठिंबा होता. आसपासचे गावकरी चिडले, कारण त्यांचे दुधाचे उत्पन्न त्या चराईवर होते. पोलिसांचा गोळीबार झाला आणि काही गावकरी मेले. त्याच सुमारास सोसायटीने तिथे दहा वर्षांचा अभ्यास सुरू केला होता. बंदीनंतर पाण्यातले गवत माजले, पाणी झाकले गेले, बदकांना जागा उरेना. म्हशी ते गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत होत्या, असे त्या अभ्यासात दिसून आले. ज्या संस्थेला सलीम अलींनी डोळ्यांनी पाहून मग बोलायला शिकवले, तिनेच त्यांचे मत खोडून काढले. तो निष्कर्ष पुरता हाती येईपर्यंत ते हयात नव्हते. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

१९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो चिमणीचे पडणे. हे शब्द शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधून घेतलेले आहेत आणि शेक्सपिअरने ती कल्पना घेतली मत्तयच्या शुभवर्तमानातून. दहाव्या अध्यायात येशूने चिमण्यांचा दाखला दिला आहे तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. लहानपणी छऱ्याने पाडलेल्या त्या एका चिमणीची आठवण त्यांनी आयुष्याच्या शेवटी अशी पुस्तकाच्या कपाळावर ठेवली. १९८७ साली, एक्याण्णवाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे मुंबईत निधन झाले.

माकडताप संपलेला नाही. कित्येक वर्षे तो शिमोग्याच्या आसपासच होता. नंतर केरळ, तमिळनाडू, २०१५ साली गोव्याचा सत्तरी तालुका आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका, असा तो सह्याद्रीच्या कडेने सरकत आला. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याची झळ लागली. साधारण डिसेंबर ते मे हे त्याचे दिवस. जुनी लस पुरेशी उपयोगी पडत नाही असे दिसल्यावर २०२२ पासून ती देणे थांबले आणि नवी लस बनवण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्या ओळखीचे कोणी त्या भागात रानात जाणार असेल तर त्यांना सांगावे की अंगभर कपडे घालावेत, आल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करावी आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

प्रत्येक वेळी पक्षी निर्दोषच निघतात असे आम्ही म्हणत नाही. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि आपल्या बाजारातही कोणी चिकन घेईना. त्याआधी २००५ साली चीनच्या चिंगहाई सरोवरावर याच रोगाने हजारो रानपक्षी मेले होते आणि त्यांत हिमालय ओलांडून आपल्याकडे येणारे पट्टकदंब हंसही होते. हा विषाणू रानपक्ष्यांबरोबर दूरवर जातो हे आता पक्के झाले आहे. वटवाघळांचेही तसेच. केरळात २०१८ साली निपाह आला तेव्हा पुण्याच्या संस्थानाने तपास करून तो फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांपर्यंत नेला. २०२० साली महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांच्या रक्तातही निपाहच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या, पण तिथे कोणी माणूस आजारी पडला नव्हता. श्रीलंकेत फळे खाणाऱ्या वटवाघळांत रेबीजच्या जातकुळीचा एक नवा विषाणू सापडल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे रेबीज होतो तो जवळजवळ सगळा कुत्रा चावल्याने. तरीही वटवाघूळ चावले किंवा ओरखडले तर कुत्र्याच्या चाव्यासारखेच धरावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, तिखट यांचा लेप देऊ नये.

कोरोनाच्या भीतीने २०२० साली अनेक ठिकाणी वटवाघळांची झाडे तोडण्याची मागणी झाली. झाड तोडल्याने विषाणू मरत नाही. वटवाघळे घाबरून नव्या वस्त्यांत शिरतात. ती रात्री डास-किडे खातात, फुलांना परागकण पोचवतात, फळांच्या बिया पसरवतात. पाखराने किंवा वटवाघळाने उष्टावलेले, जमिनीवर पडलेले फळ मुलांना खाऊ देऊ नये, एवढी काळजी घरात पुरते.

थंडीच्या दिवसांत आपल्या हिप्परग्याच्या तलावावर आणि उजनीच्या पाण्यावर बाहेरचे पक्षी उतरतात. त्यांच्यात एखाद्याच्या पायात आजही धातूचे कडे किंवा रंगीत पट्टी असू शकते. असा पक्षी दिसला तर दुर्बिणीतून किंवा फोटो काढून त्यावरची अक्षरे आणि आकडे टिपून घ्यावेत आणि तारीख व जागा लिहून मुंबईच्या सोसायटीला कळवावे. पक्षी मेलेला असेल तर मात्र हात लावू नये, वनखात्याला कळवावे.